चौथ्या चालीचा वजीर

या जगात कारणाशिवाय काहीही घडू द्यायचं नाही, असा विडा उचललेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. पेडण्याजवळच्या एका वाड्यावर त्यांचं घर. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांची हयात गेली. पंचक्रोशीत अशी म्हैस नव्हती जिच्या तोंडात मामांनी हात घातला नव्हता, आणि असा माणूस नव्हता ज्याला मामांनी 'कित्याक?' म्हणून अडवलं नव्हतं. कित्याक म्हणजे का, कशासाठी. आपण सगळेच दिवसातून पाच-दहा वेळा 'का' म्हणतो. पण आपण म्हणतो आणि पुढे जातो. मामा म्हणायचे आणि थांबायचे. समोरच्याने उत्तर देईपर्यंत ते तिथून हलत नसत, आणि उत्तर पटलं नाही तर समोरच्यालाही हलू देत नसत. बाजारात त्यांनी एकदा एका बाईला 'भेंडी मोडून कित्याक पळयता?' असं विचारलं. ती बाई म्हणाली, 'सगळे पाहतात म्हणून.' मामांनी तिला तिथेच उभं करून कोवळ्या आणि जून भेंडीतला फरक, देठ, शिरा, बी, सगळं समजावलं. ते संपेपर्यंत भेंडी विकून संपली होती.

माझं लग्न जुळलं तेही या प्रश्नामुळेच. मी डिचोलीत खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करत होतो. मुलगी पाहायला म्हणून आम्ही गेलो तेव्हा घरातल्या मंडळींनी शिक्षण, गोत्र, देवस्थान असल्या चौकशा केल्या. मुलीचे हे मामा मात्र गप्प बसून माझ्याकडे टक लावून पाहत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं. 'इतकीं कदेलां आसा. तूं जनेलाकडल्या कदेलार कित्याक बसलो?' खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो होतो, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. मी घाबरून खरं ते सांगितलं, की तिथून चपला दिसतात, माझ्या नव्या आहेत आणि बाहेर कुत्रा आहे. मामा उठले, आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'पोराक कारण आसा. चेडू दिवया.' झालं, मुलगी मला द्यायची ठरली. माझ्या पगाराबद्दल नंतर कुणी विचारलंच नाही.

आता असा माणूस बुद्धिबळाच्या नादी लागला तर त्याचं काय होणार? तेच झालं. पोर्तुगीज गेले त्या सुमारास एका जुन्या इस्पितळातल्या रद्दीत मामांना एक पुस्तक सापडलं. कातडी पाठीचं, वाळवीने एका कोपऱ्यातून फराळ केलेलं, आणि अथपासून इतिपर्यंत पोर्तुगीज. डाव कसे सुरू करावेत याचं ते पुस्तक होतं. मामांना पोर्तुगीज यायची ती पाव, मेज, कदेल एवढीच. पण अक्षरं आणि आकडे जुळवून चाली त्यांनी हुडकून काढल्या. आधी हे प्यादं, मग हा घोडा, मग तो उंट. चाली कळल्या, चालींच्या खाली छापलेले परिच्छेद मात्र कळेनात. दुसऱ्या कुणी शेजारच्या पाद्रीकडे जाऊन अर्थ विचारला असता. मामांनी ठरवलं की लिहिणाऱ्याने जे कारण दिलं असेल ते आपणच शोधायचं. एका चालीला एक आठवडा, कधी एक महिना. घोडा काठावर न जाता पटाच्या मध्याकडे का येतो, हे त्यांना एका गणेश चतुर्थीला सुचलं. आरती अर्धी टाकून ते पटाकडे धावले. असं करत करत वीस वर्षं गेली.

वीस वर्षांनी ते पुस्तक काखेत मारून म्हापशाला गेले. तिथे एक म्हातारे औषधवाले होते, जुन्या जमान्यात शिकलेले, पोर्तुगीज अस्खलित वाचणारे. मी बरोबर होतो. मामांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. औषधवाल्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, 'हांगा बरयलां, काळ्यान हेंच खेळचें. हें उत्तम.'

'कित्याक?'

'तें बरोवंक ना.' कारण लिहिलेलंच नव्हतं.

मामांनी दुसरं पान उलटलं. तिथेही 'हें उत्तम'. तिसऱ्यावर 'हें परंपरेन चलत आयलां'. दहा-बारा पानं झाली. मला वाटलं, वीस वर्षं पाण्यात गेली म्हणून मामा आता मटकन खाली बसणार. मी स्टूल पुढे केलं. पण मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरत गेलं, की औषधवाले बापडे पुस्तक मिटून मागे सरले. 'म्हणजे तांकांय खबर ना!' मामा दुकानात ओरडले. खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या दोन बायका दचकल्या. छापणाऱ्यांना कारण ठाऊक नाही आणि पेडण्याच्या कंपाउंडरला आहे, या आनंदात त्यांनी परत येताना अख्ख्या बसला इटालियन डावाची सुरुवात समजावून सांगितली. कंडक्टर दोन थांबे विसरला.

त्यांची समजावण्याची तऱ्हाही जनावरांच्या दवाखान्यातलीच. दाराशी बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला बैलाबरोबर एक डाव फुकट मिळे. सुरुवातीलाच एक प्यादं मुद्दाम मारू द्यायचं, हा प्रकार लाटंबार्शाच्या एका गवळ्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना. फुकट कशाला द्यायचं? मामांनी त्यालाच विचारलं, 'दूद काडटना पयलीं वासराक सोडटा मरे तूं? ताणें दोन घोट पियेले म्हूण रडटा?' गवळी म्हणाला, 'वासराक सोडूंक ना जाल्यार गाय पान्हो सोडची ना.' 'तेंच!' मामा म्हणाले. 'तें प्यादें वासरू.' गवळ्याच्या डोळ्यांत असा काही उजेड पडला की तो बैल तिथेच विसरून घरी गेला. आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेल्या उंटाला मामा 'गोठ्यांतलो उंट' म्हणत. राजाला वेळेवर कोपऱ्यात, हत्तीच्या आडोशाला नेऊन बसवणं म्हणजे पावसाआधी कौलं परतणं. गळायला लागल्यावर छपरावर चढलास तर भिजशील. घोडे आधी काढायचे आणि उंट मागून, कारण घोड्याची जागा ठरलेली असते, उंटाला मात्र आधी गावाची हवा कळू दे.

मामी सावंतवाडीकडची. तिने लग्नानंतर वर्षभर नवऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि मग कानांवर पदर घेतला तो कायमचा. मामा 'एकेकाक भायर काडप गरजेचें' असं कुणाला तरी सांगत असले की ती आतून म्हणायची, 'घोड्याक भायर काढतत, उंटाक भायर काढतत. वायच स्वतः पण भायर पडा नि नारळ घेवन येवा.' मामा लगेच उठत. नारळाचं कारण त्यांना नेहमी पटे.

एकच गोष्ट होती. मामा डाव कधी संपवत नसत. दहा-बारा चाली झाल्या, दोन्ही बाजूंची सगळी मंडळी आपापल्या जागी उभी राहिली, की मामा खुर्चीत मागे रेलत आणि तृप्त होऊन म्हणत, 'आतां समजलें मरे? पुरो.' पुढची मारामारी म्हणजे त्यांच्या मते नुसती हमाली. बाजारातली माणसं त्यामुळे त्यांची थट्टा करत. दहा चालींचा राजा म्हणत. 'म्हाताऱ्याला जिंकता येत नाही, म्हणून पट गुंडाळतो,' असं बाजारातल्या सलूनवाल्याने माझ्या तोंडावर म्हटलं; लग्नानंतर आम्ही पेडण्यातच राहत होतो. मामांना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र फार लागे. जावई असण्याचे जे काही तोटे आहेत त्यांतला हा एक, की सासरच्या माणसाची थट्टा आपल्याला घरच्यांपेक्षा जास्त झोंबते.

भाषेच्या चळवळीचे ते दिवस. मराठी की कोंकणी, यावरून घराघरांत चुली वेगळ्या व्हायची पाळी आली होती. दोन्हीकडची मंडळी मामांकडे यायची, कारण मामांना ओळखत नाही असा दारचा बैलसुद्धा नव्हता. मामा वाचायचे मराठी, बोलायचे कोंकणी, आणि मामीशी भांडायचे मालवणीत. त्यामुळे ते आपलेच, असं दोन्ही पक्षांना वाटे. एकदा एका बाजूचा मोर्चा दारावरून चालला होता. सगळ्यात मोठा पुढारी सगळ्यात पुढे, घसा बसेपर्यंत घोषणा देत. मामांनी त्याला हात करून थांबवलं. मोर्चा थांबला. लोकांना वाटलं, मामा हार घालणार. मामा म्हणाले, 'सुरवातीकच वजीर भायर काडलो तुमी. आतां सगळे ताच्याच फाटल्यान लागतले. पयलीं ल्हान मनशांक फुडें काडूंक जाय.' पुढारी पाच मिनिटं ऐकत राहिला, आणि खरंच मागे जाऊन चालू लागला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा मोर्चा आला. त्यालाही मामांनी थांबवून हाच सल्ला दिला. मी म्हटलं, 'मामा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?' ते म्हणाले, 'चूक दोगांचीय तीच आसली.'

मग गोवा घटक राज्य झालं. त्या आनंदात डिचोलीतल्या एका तरुण मंडळाने बुद्धिबळाच्या स्पर्धा जाहीर केल्या, आणि मी, सलूनवाल्याचं बोलणं डोक्यात धरून, मामांना न विचारता त्यांचं नाव घालून आलो. बायको म्हणाली, 'मामांना लोकांसमोर उभं करू नका. त्यांना हरायची लाज नाही, पण तुम्हाला आहे.' बायकोचं खरं असतं हे मला त्यानंतरही बराच काळ कळायचं होतं. मामांनी मात्र अगदी सहज मान डोलावली. 'वचूया,' म्हणाले. 'थंय कितें खेळटात तें पळोवया.'

वाड्यावरची तीसेक माणसं खाणीच्या एका धुतलेल्या ट्रकमधून निघाली. सलूनवालासुद्धा दुकान बंद करून आला. लाटंबार्शाला तो गवळी हात करून चढला. ट्रक कितीही धुतला तरी लाल माती जात नाही. डिचोलीला उतरलो तेव्हा आम्ही सगळे गुलाल खेळून आल्यासारखे दिसत होतो, आणि सामना अजून व्हायचाच होता.

मामांचा पहिला प्रतिस्पर्धी होता बेळगावकडचा एक तरुण इंजिनिअर. खाणीवर यंत्रं दुरुस्त करायचा. माझ्या ओळखीचा नव्हता, पण त्याची ख्याती मी ऐकली होती: सुरुवातीच्या पंधरा-पंधरा चाली तोंडपाठ. पांढऱ्या सोंगट्या त्याच्याकडे आल्या. त्याने प्यादं पुढे केलं. मामांनी केलं. त्याने घोडा काढला. मामांनी तोंड उघडलं, 'कित्या...'

'बोलायचं नाही!' पंच म्हणाले. पंच म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते, आणि त्यांचा दरारा अजून निवृत्त झालेला नव्हता.

मामांच्या चेहऱ्यावर असे हाल मी कधी पाहिले नव्हते. समोरचा माणूस एकामागून एक चाली करतो आहे आणि एकीचंही कारण विचारायचं नाही! त्यांचे ओठ हलत, मिशी थरथरत असे; शेवटी त्यांनी चाली लिहायच्या कागदाच्या समासात बारीक अक्षरात प्रत्येक चालीचं कारण लिहायला सुरुवात केली. स्वतःच्या चालीचंही, आणि त्याच्या चालीचंही. त्यात वेळ जाई. इंजिनिअर मात्र भराभरा खेळत होता, पटाकडे न पाहता, पाढे म्हणावेत तसा. चौथ्या चालीला मामांनी आपला वजीर उचलला आणि राजाच्या समोर, एकच घर पुढे ठेवला.

इंजिनिअरचा हात हवेतच राहिला. त्याच्या पाठांतरात हे नव्हतं. आमच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. 'वजीर भायर काडलो,' गवळी घाबरून म्हणाला. सलूनवाला म्हणाला, 'बाहेर नाही काढला हो. उंबऱ्यावर उभा केला.' मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस इतकी वर्षं दाढी करता करता ऐकत होता तर!

पुढच्या पाच-सहा चालींत इंजिनिअर घामाघूम झाला. त्याचं पाठांतर तुटलं होतं आणि दुसरी वाट त्याला सापडत नव्हती. मामांची मंडळी एकेक करून, कुणाच्या पायात न येता, आपापल्या जागी येऊन उभी राहिली. आणि दहाव्या चालीला इंजिनिअरने सरळ आपला वजीर उचलून मामांच्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला.

आमचा सगळा बाक उभा राहिला. 'मार! मार!' गवळी ओरडला. पंचांनी पट्टी आपटली. मीही, सांगायला हरकत नाही, मुठी आवळून उभा होतो. मामांनी नुसता घोडा उचलायचा होता. एवढीच हमाली. वीस वर्षांची थट्टा एका चालीत धुऊन निघणार होती.

मामांनी घोड्याला हात लावला नाही. ते वजिराकडे पाहत राहिले. मग इंजिनिअरकडे पाहिलं. मग पटावरून वाकून, आजारी वासराचा धरतात तसा, त्यांनी इंजिनिअरचा कान धरला.

'अहो!' पंच ओरडले. मामांनी दुसराही कान चाचपला. आणि पंचांकडे वळून म्हणाले, 'ह्याका ताप आसा. बरोच आसा. कान तापल्यात.'

खरंच होता. इंजिनिअरचं अंग फणफणलं होतं. सकाळपासून तसाच आला होता बिचारा, नाव घातलंय म्हणून. मामांनी 'बरोबरी' म्हणून हात पुढे केला. इंजिनिअरला काही समजलं नाही, पण त्याने तो धरला. पंच म्हणाले, बरोबरी झाल्यास नियमाप्रमाणे डाव पुन्हा खेळावा लागेल, आणि समोरचा आजारी असेल तर पुढची फेरी तुमची. मामा म्हणाले, आपलं काम झालं, आता आपण ह्या पोराला डॉक्टरकडे नेणार. आणि नेलंही. गुरांच्या नव्हे, माणसांच्या.

मामा डॉक्टरकडून आल्यावर ट्रक परत निघाला. मी तर रागाने लाल मातीहून लाल झालो होतो. पेडणं जवळ आल्यावर माझा बांध फुटला. 'मामा, त्याने वजीर तुमच्या हातात आणून ठेवला होता. का नाही घेतलात? कित्याक?' हा शब्द मी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतो.

मामांनी मिशीवरची लाल माती झटकली. मग म्हणाले, 'तो वजीर ताणें थंय दवरूंक ना. तापान दवरलो. तापाक कारण कशें विचारतलो?'

ट्रकमधलं कुणीतरी हसलं. मग सलूनवाला हसला, गवळी हसला, आणि ट्रक घरी पोचेपर्यंत माझ्याखेरीज सगळे हसत होते. मी घरी जाऊन हसलो. बायको म्हणाली, 'आता उशीर झालाय, पण हसा.'

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मामांच्या अंगणात फटफट करत एक स्कूटर येऊन थांबली. अशक्त झालेला, गालफडं बसलेला इंजिनिअर उतरला आणि पायरीवरूनच म्हणाला, 'काका, ते सगळं राहू द्या. चौथ्या चालीला वजीर एक घर पुढं काय म्हणून घेतलासा? तेवढं सांगा की. तापातपण तेच दिसत होतं मला.'

मामा त्याच्याकडे पाहतच राहिले. उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांनी हजारोंना विचारला होता. त्यांना कुणी आपणहून, इतक्या लांबून येऊन विचारलं नव्हतं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना बोलताच येईना. मामी आतून आली, तिने नवऱ्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, 'बसा ओ. आधी पेज जेवा. कारण खंय पळान जाणा नाय.'

तो दर रविवारी येऊ लागला. डिचोलीहून पेडण्याला, भर पावसात रेनकोट घालून. सकाळी यायचा, माशांचं हुमण जेवायचा, आणि दुपार कलेपर्यंत दोघांचं चालायचं. तो पाठ केलेली चाल मांडायचा, मामा तिचं कारण उकलायचे, आणि कधीकधी, हे मी स्वतः पाहिलंय, तो पोरगा मामांचं कारण खोडून काढायचा. तेव्हा मामा इतके आनंदायचे की मामीला हाक मारून दाखवायचे, 'पळय गो, हाणें म्हाका चुकयलो!' पुढे पुढे ते दोघे डाव संपवूसुद्धा लागले. मामा बहुधा हरायचे. सलूनवाला दुकान अर्धं उघडं टाकून हे बघायला यायचा आणि इंजिनिअरवर चिडायचा.

अडीच-तीन वर्षांनी त्याची बदली झाली, बळ्ळारीकडच्या खाणीवर. निरोप घ्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. त्या दिवशी पट मांडला नाही. मामीने एक फणस स्कूटरच्या मागे बांधायला दिला. मामांनी ती दोरी दोनदा सोडून दोनदा बांधली. पोरगा पाया पडला. मामांनी त्याचा कान जरा चाचपला आणि म्हणाले, 'बरो आसा. वच.' तो गेला. रस्ता त्यांच्या घरापासून काजूच्या झाडांतून खाली उतरतो आणि मग वळतो. स्कूटर वळणाआड गेली तरी मामा रस्त्यातच उभे. मी थोडा वेळ थांबलो आणि म्हटलं, 'चला मामा, ऊन लागतंय.'

त्यांनी हाताने मला गप्प केलं. 'रांव. आवाज येता अजून. तो बंद जांव दी.'

मीही थांबलो. मला तर तो आवाज केव्हाचा ऐकू येईनासा झाला होता.